पेन्शनीतली इंजिने आणि त्यांची छायाचित्रे

चौथीच्या वर्गातल्या मुलांना आगगाडीचं चित्र काढायला सांगून बघा. प्राथमिक शिक्षक बंधुभगिनींना हा अनुभव असेलच. मूल डबे काढील, खिडक्या काढील, चाकं काढील आणि शेवटी इंजिनाच्या डोक्यावर एक धुराडं काढून त्यातून वेटोळी वेटोळी धूर सोडील. आता गंमत अशी, की या मुलानं, आणि बहुधा त्याच्या बापानंसुद्धा, कामावरचं वाफेचं इंजिन कधी पाहिलेलं नसतं. स्टेशनात त्यांनी पाहिलेलं असतं ते चौकोनी तोंडाचं, डिझेलचं नाहीतर विजेचं इंजिन. पण ते चित्रात येत नाही. जे डोळ्यांसमोर आहे ते चित्रात नाही, आणि जे चित्रात आहे ते डोळ्यांसमोर नाही!

आज मी बोलणार आहे ते या चित्रात न येणाऱ्या डिझेल इंजिनाविषयी. त्याच्यावर जीव लावून, त्याला पेन्शनीत गेल्यावरही जिवंत ठेवणाऱ्या आणि हौसेनं त्याची छायाचित्रं टिपणाऱ्या इंग्लंडमधल्या माणसांविषयी. मी इतिहासाचा अध्यापक आहे, यंत्रशास्त्राचा नव्हे. तेव्हा तांत्रिक भागात मी फार खोल शिरणार नाही. पण या छंदात इतिहासाच्या माणसानं शिकण्यासारखं पुष्कळ आहे, एवढं मात्र अनुभवानं सांगू शकतो.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. ब्रिटिश रेल्वेनं १९५५ साली आधुनिकीकरणाची मोठी योजना जाहीर केली. वाफेची इंजिनं काढून टाकायची आणि त्यांच्या जागी डिझेलची आणि विजेची आणायची, असा तिचा एक मुख्य भाग होता. पुढच्या तेरा वर्षांत हे काम पुरं झालं. ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गावरची वाफेच्या इंजिनाची शेवटची गाडी धावली. त्या दिवशी रुळांच्या कडेला माणसांची रीघ लागली होती. वाफेच्या इंजिनावर तिकडच्या लोकांचं प्रेमच तसं. एरिक ट्रेसी नावाचे एक बिशप आगगाड्यांचे नामांकित छायाचित्रकार होते. १९७८ साली ॲपलबी स्टेशनात एका वाफेच्या इंजिनाची वाट पाहत असतानाच त्यांना मृत्यू आला. हातात कॅमेरा, समोर रूळ आणि कान शिट्टीकडे!

अशा लोकांना डिझेल इंजिन कसं वाटलं असेल? सवतीसारखं. घरच्या लक्ष्मीला बाहेर काढून ही कोण आली, अशीच त्यांची भावना होती. ना धूर, ना वाफ, ना धडधडणारे दांडे. एक लांबलचक पेटी आणि तिला दोन्हीकडे तोंडं. पुष्कळ जुन्या छायाचित्रकारांनी त्या वेळी कॅमेरे मिटून ठेवले, किंवा डिझेलची गाडी आली की फिल्म वाचवली.

पण श्रोतेहो, पिढी बदलते. १९६०-७० च्या सुमारास जी मुलं फलाटावर वही-पेन्सिल घेऊन इंजिनांचे नंबर टिपत उभी असायची, त्यांना वाफेचं इंजिन म्हणजे आजोबांच्या गोष्टीतलं. त्यांचा नायक डिझेलच. आणि डिझेलमध्येही जाती होत्या, घराणी होती. लंडनहून एडिंबरोकडे जाणाऱ्या वेगवान गाड्यांना ‘डेल्टिक’ नावाची इंजिनं असत. १९६१-६२ मध्ये अशी अवघी २२ बांधली गेली. एकेकात दोन यंत्रं, मिळून ३३०० अश्वशक्ती. आपल्या विहिरीवरचं पाच अश्वशक्तीचं ऑईल इंजिन डोळ्यांसमोर आणा आणि तशी साडेसहाशेहून अधिक एका पेटीत कोंबली आहेत अशी कल्पना करा. हे यंत्र मुळात आरमाराच्या वेगवान बोटींच्या कामाचं. त्याच्या सिलिंडरांची मांडणी त्रिकोणी, म्हणून त्रिकोणासारख्या दिसणाऱ्या ‘डेल्टा’ या ग्रीक अक्षरावरून त्याचं नाव पडलं.

दुसरं घराणं पश्चिम विभागातलं, ‘वेस्टर्न’ नावाचं. १९६१ ते १९६४ या काळात अशी ७४ इंजिनं झाली. बहुतेक डिझेल इंजिनांत तेलावरचं यंत्र आधी वीज तयार करतं आणि ती वीज चाकं फिरवते. वेस्टर्नमध्ये तसं नव्हतं. तिथे यंत्राची शक्ती दाबाखालच्या तेलातून चाकांपर्यंत पोहोचवलेली. ही पद्धत जर्मनीची. बाकी देशभर विजेची पद्धत रूढ झाल्यावर ही वेगळी इंजिनं सांभाळणं रेल्वेला परवडेना. शेवटच्या वेस्टर्न इंजिनांनी फेब्रुवारी १९७७ मध्ये निरोप घेतला. डेल्टिकची शेवटची फेरी झाली २ जानेवारी १९८२ रोजी. जेमतेम वीस वर्षांचं आयुष्य! बैलाची उमेद याहून फार कमी नसते.

आणि मग एक नवलाची गोष्ट घडली. फलाटावरची ती मुलं आता मोठी झाली होती. कुणी कारकून, कुणी मास्तर, कुणी फिटर. त्यांनी मंडळ्या स्थापन केल्या, गणपतीसारखी वर्गणी गोळा केली, आणि मोडीत निघालेली इंजिनं विकत घेतली. ७४ वेस्टर्नपैकी ७ वाचली. २२ डेल्टिकपैकी ६ वाचली, शिवाय त्यांचा पहिला नमुनाही. या इंजिनांना पळायला रूळ कुठले? तर तिकडे बंद पडलेले लहान मार्ग हौशी मंडळींनी पुन्हा चालू केलेले आहेत. त्यांना ‘वारसा रेल्वे’ म्हणू या. गार्ड, तिकीट तपासनीस, सिग्नलवाला, रंगारी, यांतले बहुतेक स्वयंसेवक. रविवारी येऊन फुकट राबतात आणि वर स्वतःचा डबाही घेऊन येतात.

काही वर्षांपूर्वी संशोधनाच्या निमित्तानं मी थोडे महिने बर्मिंगहॅमला होतो. तिथून जवळच किडरमिन्स्टर गाव आहे. सेव्हर्न व्हॅली रेल्वे तिथून सुरू होते आणि सेव्हर्न नदीच्या काठाकाठानं ब्रिजनॉर्थपर्यंत जाते. अंतर १६ मैल, म्हणजे सुमारे २६ किलोमीटर. या मार्गावरची प्रवासी वाहतूक १९६३ साली बंद पडली होती. १९६५ मध्ये हौशी लोकांची संस्था झाली आणि १९७० मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. एरवी इथे राज्य वाफेच्या इंजिनाचं. पण वर्षातले काही दिवस खास डिझेलचा उत्सव भरतो. त्या उत्सवाला मी गेलो.

जत्राच ती. फलाटावर पन्नाशी-साठीची माणसं, गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या. इंजिन सुरू झालं की डोळे मिटून ऐकतात. आपल्याकडे गवयानं षड्ज लावल्यावर जाणकार मान हलवतो ना, अगदी तसं. प्रत्येक घराण्याचा आवाज त्यांना पाठ. एका जातीला ते ‘शिट्टीवाला’ म्हणतात आणि दुसरीला, तिच्या घरघरीवरून, घर झाडण्याच्या यंत्राचं नाव ठेवतात.

तिथे एका वृद्ध गृहस्थांशी ओळख झाली. निवृत्त शाळामास्तर. माझा कॅमेरा पाहून त्यांनी आपणहून शिकवायला सुरुवात केली. मास्तर तो मास्तरच, कुठल्याही देशाचा असो! ते म्हणाले, “वाफेच्या इंजिनाचा फोटो वाफच काढून देते. डिझेलचा फोटो तुम्हालाच काढावा लागतो.”

या वाक्यात सगळं आलं. वाफेचं इंजिन चढाला लागलं की पांढरा लोट उठतो आणि चित्रात जोर आपोआप दिसतो. डिझेल इंजिन तेवढंच राबत असतं, पण कॅमेऱ्याला ते दिसत नाही. उभं आहे की धावतं आहे, येतं आहे की जातं आहे, हेही पुष्कळदा कळत नाही. कारण तोंडं दोन्हीकडे सारखीच. मग छायाचित्रकार काय करतात? मला शिकायला मिळालं ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट उजेडाची. या इंजिनांचे रंग गडद, हिरवे नाहीतर निळे, आणि तोंड मात्र लांबून दिसावं म्हणून पिवळं रंगवलेलं. कॅमेरा या दोहोंच्या मध्ये गोंधळतो. पिवळा बरोबर आला तर अंग काळं पडतं आणि अंग उजळलं तर तोंड पांढरंफटक होतं. म्हणून सूर्य पाठीशी घेऊन, सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात, तोंड आणि एक बाजू अशी दोन्ही उजळतील त्या कोनात उभं राहायचं. चाकांवर ऊन पडलं पाहिजे. चाकं अंधारात गेली की इंजिन हवेत तरंगल्यासारखं दिसतं.

दुसरी गोष्ट वेगाची. वारसा रेल्वेवर गाडी ताशी २५ मैलांच्या, म्हणजे ४० किलोमीटरच्या वर सहसा जात नाही. सेकंदाच्या पाचशेव्या भागात टिपली तर ती स्वच्छ येते. पण मग ती उभी असल्यासारखी दिसते! त्यावर युक्ती अशी, की पडदा मुद्दाम सावकाश उघडायचा, सेकंदाचा साठावा किंवा तिसावा भाग, आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा. बैलगाडा शर्यत पाहताना आपली मान जशी आपोआप फिरते, तसा. इंजिन स्पष्ट येतं आणि मागची झाडं पुसट पळतात. दहांत नऊ वेळा बिघडतं, पण एकदा साधलं की जोर दिसतो.

तिसरी गोष्ट धुराची. डिझेलला धूर नसतो असं नाही. डेल्टिक बराच वेळ नुसतं घुरघुरत उभं राहिलं, की त्याच्या नळकांड्यात तेल साचतं. सुटताना ते जळतं आणि निळसर धुराचा डोंगर फलाटावर लोटतो. याला ते लोक ‘क्लॅग’ म्हणतात आणि त्या एका क्षणासाठी तासभर उभे राहतात. स्टेशनमास्तर खोकत असतो, हे खूष!

चौथी गोष्ट जागेची. आर्ले आणि ब्यूडली या स्टेशनांच्या मध्ये सेव्हर्न नदीवर १८६१ सालचा एक बिडाचा पूल आहे. एकच कमान, २०० फुटांची. नदीकाठच्या पायवाटेवरून पूल, पाणी आणि वरून जाणारी गाडी असं सारं एका चौकटीत बसतं. तिथे इंजिन लहान दिसतं, पण चित्र मोठं होतं. आणि हे सगळं कुंपणाच्या अलीकडे राहून. रुळांत शिरणं तिकडेही गुन्हा आहे आणि आपल्याकडेही. चांगल्या फोटोसाठी मरणारा माणूस चांगला छायाचित्रकार नव्हे, हे मास्तरांनी मला दोनदा बजावलं.

वारसा रेल्वेवर एक सोय असते. गाडी दिवसभर ये-जा करते, तेव्हा एक संधी हुकली तर दुसरी मिळते. पण ही जुनी इंजिनं अधूनमधून खास सहलीची गाडी घेऊन मुख्य मार्गावरही निघतात. एका डेल्टिकनं १९९६ साली असं पुनरागमन केलं होतं. तिथे कसोटी लागते. तीन तास पावसात उभं राहायचं, गाडी धाडकन समोरून जाणार ती एकदाच, आणि ऐन वेळी शेजारच्या रुळावरून मालगाडी आडवी आली की संपलं सारं. मी चौकशी केली, “मग त्या दिवशी काय करता?” मास्तर म्हणाले, “मालगाडीचा फोटो काढतो. वीस वर्षांनी लोक तोच मागायला येतील.”

श्रोतेहो, हे ते गमतीनं बोलले, पण माझ्या मनात ते रुतून बसलं. कारण हा इतिहासाचाच प्रश्न आहे. शेवटच्या दिवसाची छायाचित्रं ढिगानं सापडतात. हार घातलेलं इंजिन, पाट्या, गर्दी. पण मधल्या हजारो साध्या दिवसांची? मंगळवारी सकाळी शेडमध्ये उभं असलेलं, तेलानं माखलेलं इंजिन कुणी टिपलं? फारच थोड्यांनी. कारण ते रोजचंच होतं.

याची किंमत पुढे मोजावी लागते. १९५९ साली ‘बेबी डेल्टिक’ म्हणून दहा लहान इंजिनं बांधली गेली होती. त्यांतलं एकही उरलं नाही. फक्त त्यांच्यातलं एक यंत्र वाचलं. बॅरो हिल या गावी काही हौशी मंडळी एका दुसऱ्या जातीच्या इंजिनात फेरफार करून बेबी डेल्टिक पुन्हा उभं करण्याच्या खटपटीला लागली. आता सांगा, अशा कामात आधार कशाचा? कारखान्यातल्या आराखड्यांचा, आणि कुणीतरी सहज काढलेल्या जुन्या छायाचित्रांचा. दिवा नेमका कुठे होता, पायरी किती उंच होती, नंबर कोणत्या जागी रंगवला होता, हे त्या चित्रांतूनच वाचायचं. ज्यानं त्या दिवशी फिल्म वाचवली, त्यानं इतिहासाचं एक पान कोरं ठेवलं.

इथे एक शंका येते. वारसा रेल्वेवरची ही छायाचित्रं खरी म्हणायची का? इंजिन जुनं, पण गाडी सहलीची. चौकटीत मोटारगाडी येऊ नये म्हणून छायाचित्रकार दोन पावलं सरकतो. काही वेळा तर पैसे भरून जुने डबे जोडवून घेतात आणि साठ वर्षांपूर्वीचा देखावा उभा करतात. हे एक प्रकारचं नाटकच. माझ्या मते नाटक करायला हरकत नाही, नाटकाला नाटक म्हणावं एवढंच. इंग्लंडमधल्या जुन्या डिझेल इंजिनांच्या तोंडावर गाडीचा चार अक्षरी क्रमांक लावलेला असे. जानेवारी १९७६ पासून ती पद्धत बंद झाली. तेव्हा शेवटच्या वर्षात काही वेस्टर्न इंजिनांनी त्या रिकाम्या खिडकीत स्वतःचाच नंबर मिरवला. नुसत्या त्या खिडकीवरून जाणकार छायाचित्राचं साल सांगतो. उद्या कुणी आजचा फोटो १९६५ चा म्हणून खपवला, तर या खुणांचा अर्थच नाहीसा होईल. म्हणून मास्तरांच्या प्रत्येक छायाचित्रामागे बारीक अक्षरात तारीख, वेळ, जागा आणि इंजिनाचा नंबर लिहिलेला. चित्राशिवाय टाचण चालेल, टाचणाशिवाय चित्र चालणार नाही, हा त्यांचा दंडक.

आता थोडं आपल्याकडे येतो. तो संबंध ओढूनताणून आणलेला नाही. ज्या व्हल्कन फाउंड्रीत डेल्टिक बांधली गेली, त्याच कारखान्यानं एके काळी आपल्या पहिल्या आगगाडीची इंजिनं बांधली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती गाडी! तो कारखाना आता बंद झाला आहे. आपल्याकडे वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिनं बांधली जाऊ लागली. दोन हजारांहून अधिक झाली. तुम्हीआम्ही ज्या गाड्यांनी शिकायला गेलो, लग्नाला गेलो, त्यांतल्या किती तरी याच इंजिनांनी ओढल्या. आज विजेच्या तारा सर्वत्र पोहोचल्या आहेत. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरं झालं. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातला ‘डिझेल’ हा शब्दही २०२० मध्ये गेला. प्रगती आहे ही, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण डिझेल निघून चाललं आहे आणि आपण फिल्म वाचवतो आहोत.

माझे वडील पुण्याला घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. तीस वर्षं त्यांनी हीच इंजिनं दुरुस्त केली. घरी आले की त्यांच्या कपड्यांना डिझेलचा वास यायचा आणि आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. लहानपणी मला त्या वासाची लाज वाटे. किडरमिन्स्टरच्या फलाटावर निळ्या डगल्यातला एक म्हातारा स्वयंसेवक चिंधीनं हात पुसत माझ्या शेजारून गेला आणि तोच वास आला. सातासमुद्रापलीकडे, अचानक. मी कॅमेरा खाली घेतला. माझ्या लक्षात आलं, की परक्या देशातल्या इंजिनांचे मी तीनशे फोटो काढले, पण अण्णांचा त्यांच्या इंजिनाजवळचा एकही फोटो आमच्या घरात नाही. लग्नातला आहे, निवृत्तीच्या सत्कारातला हार घातलेला आहे. कामावरचा नाही. अण्णा आता नाहीत. तो फोटो आता कुणालाच काढता येणार नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. आज खेड्यापाड्यांत घरोघरी फोनमध्ये कॅमेरा आहे. फिल्मचा खर्चही नाही. एखाद्या सुट्टीत मुलांना एवढंच काम द्या, की आपल्या गावातलं रोजचं एक यंत्र आणि ते चालवणारं माणूस यांचं छायाचित्र काढून आणा. विहिरीवरचं जुनं ऑईल इंजिन असेल, पिठाची गिरणी असेल, उसाचा चरक असेल, एस.टी.ची गाडी आणि तिचे चालक-वाहक असतील. स्टेशन जवळ असेल तर स्टेशनातल्यांना विचारून, फलाटावरूनच, एखादं डिझेल इंजिन असेल. माणसाला आधी विचारायचं, धोक्याच्या जागी जायचं नाही, आणि चित्राखाली तारीख, गाव, यंत्राचं नाव आणि माणसाचं पूर्ण नाव लिहायचं. अशा चाळीस चित्रांची एक वही शाळेत झाली, तर आणखी वीस वर्षांनी ती गावाच्या इतिहासाची पोथी होईल.

आणि एक काम मोठ्यांसाठी. आज घरी गेल्यावर, कामाचे कपडे उतरवायच्या आत, आपल्या वडिलांचा, भावाचा, आईचा एक फोटो काढा. हात तेलाचे असोत की शेणाचे, पुसायला लावू नका. आणि मागे तारीख लिहायला विसरू नका.